भडगावच्या अक्कांचा आयर्न

जळगावला मे महिन्यात सोल्डरिंग आयर्न लागतच नाही. दुकानाच्या पत्र्यावर कथलाची तार ठेवायची, खाली सर्किट धरायचं, थेंब पडेल तिथे जोड लागत जातो. एका उन्हाळ्यात मी असे निम्म्या गल्लीचे रेडिओ दुरुस्त केले. धुळ्याच्या दोस्तांना हे सांगितलं की ते म्हणतात, त्यात काय एवढं, आमच्याकडे रेडिओच वितळतो. धुळ्याचा माणूस उन्हाच्या बाबतीत कधी हार मानत नाही. मी धंदा धुळ्यालाच शिकलो आणि मग जळगावला दुकान टाकलं, म्हणून दोन्हीकडची अतिशयोक्ती माझ्या अंगात आहे. वाचताना तेवढी वजा करत चला.

बाकीच्या महिन्यांत मात्र आयर्न लागतो, आणि तो लोकांना निवडून देण्यात माझा जन्म गेला.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेनासारखा धरायचा दांडा, मागे वायर, पुढे तांब्याचं टोक. टोकाला आम्ही बिट म्हणतो. बिट तापला की तो जोडायच्या जागी टेकवायचा, जागा तापली की कथलाची तार लावायची. कथील पाण्यासारखं पसरतं, बिट उचलला की गोठतं आणि दोन वस्तू एकजीव होतात. तारेच्या पोटात राळ भरलेली असते, तिचा धूर होतो. माझ्या शर्टांना कायम देवळाचा वास येतो. त्या पुण्यावर मी अनेक वर्षं देवळात न जाता काढली आहेत.

आता यातली मेख. जागा नीट तापली नाही तर कथील नुसतं वर बसतं, आत धरत नाही. दिसायला जोड, असायला काही नाही. याला धंद्यात ड्राय सोल्डर म्हणतात. पूर्वी घरोघरचे टीव्ही डोक्यावर थापड मारली की चालायचे, ते या ड्राय सोल्डरमुळे. थापडेने सुटलेला जोड घटकाभर टेकायचा. लोकांना वाटायचं टीव्ही अडेल बैलाच्या जातीचा आहे. घरातला सगळ्यात जबर हाताचा माणूस टीव्हीशेजारी बसवण्याची पद्धत मी डोळ्यांनी पाहिली आहे.

ते टीव्ही गेले. आता काही बिघडलं की आतली अख्खी सर्किटची पट्टीच बदलतात, कोणी जोड शोधत बसत नाही. याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. दुकानाला कुलूप लावायची वेळ आली होती. तेवढ्यात हौशी लोक आले. मोबाइलवर व्हिडिओ बघून सर्किट करणारे. कोणी ड्रोन उडवतो, कोणी खुराड्याचं दार पहाटे आपोआप उघडवतो, यावलचा एक केळीवाला मातीची ओल मोजायचं यंत्र करून त्याच्याशी गप्पा मारतो. या सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच. भाऊ, आयर्न कोणता घेऊ?

धुळ्याचे एक गृहस्थ विचारायलाही थांबले नाहीत. म्हणाले, "सर्वांत जास्त वॅटचा द्या."

मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला रेडिओ करायचा आहे. पंचवीस वॅट पुष्कळ झाले. शंभरचा आयर्न पत्र्याच्या टाकीला लागतो."

"ट्रॅक्टर घेताना कोणी कमी पॉवरचा घेतो का?"

"कुंडीत नांगर घालायचा असेल तर घेतो."

त्यांना राग आला आणि ते शंभर वॅटचा घेऊनच गेले. महिन्याभराने भेटले. म्हटलं, रेडिओचं काय झालं? म्हणाले, रेडिओचं बोलू नका, पण आयर्न फार कामाचा निघाला, आमच्या घरी आता पापड त्याच्यावरच भाजतात. पराभव कबूल न करण्याची ही धुळ्याची रीत मला फार आवडते.

असे प्रसंग टाळायला मी एक नियम केला. माझ्या काउंटरवर स्वतःच्या हाताने एक जोड लावून दाखवल्याशिवाय कोणालाही आयर्न द्यायचा नाही. जुन्या टीव्हीची पट्टी समोर ठेवायची, आयर्न हातात द्यायचा आणि गिऱ्हाइकाकडे बघत बसायचं. हात थरथरतो का, दाबतो का, घाई करतो का. हात पाहून मी आयर्न सांगतो. ज्योतिषी हात पाहून भविष्य सांगतात ते चुकतं, माझं चुकत नाही, असं मी छातीवर हात मारून सांगत असे. भडगावच्या अक्का येईपर्यंत.

अक्का म्हणजे साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, दोरीने गळ्यात चष्मा अडकवलेल्या बाई. सगळी नोकरी अंगणवाडीत झालेली. दुकानात आल्या आणि अहिराणीत सरळ मुद्द्यावर आल्या.

"भाऊ, एक आयरन दे. पण उल्लू बनाडू नको."

"कशासाठी पाहिजे, अक्का?"

"घंटी बनाडनी शे."

मी म्हटलं, घंटी बाजारात तयार मिळते. अक्कांनी पिशवीतून तीन तयार घंट्या काढून काउंटरवर ठेवल्या आणि त्यांचे यजमान, नाना, यांची हकीकत सांगितली.

नाना मला ऐकून माहीत होते. खानदेशातल्या बाजार समित्यांत ज्यांनी धान्य विकलं त्या सगळ्यांना ते माहीत असणार. लिलाव पुकारायचे. आवाज असा की भडगावला त्यांनी भाव पुकारला की पहूरला व्यापारी हात वर करायचे. पण आवाजापेक्षा त्यांची कीर्ती होती ती थांबण्याबद्दल. "एक वार," म्हणायचे. "दोन वार," म्हणायचे. आणि थांबायचे. तंबाखूची डबी काढायचे, चुना लावायचे, आभाळाकडे बघायचे. तिसरा वार झाला की माल गेला, म्हणून व्यापाऱ्यांना घाम फुटायचा आणि ते आपणहून भाव वाढवायचे. एका व्यापाऱ्याने दोन वार आणि तीन वार यांच्या मधल्या वेळात मुलीचं लग्न जमवलं असं म्हणतात. मी फक्त साखरपुड्यापर्यंत विश्वास ठेवतो.

अशा माणसाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डाव्या हाताची बोटं वीतभर सरकतात, एवढंच. बाजारातून आणलेल्या या तीन घंट्यांची बटणं दाबण्याइतकं बळ त्या बोटांत नव्हतं. आणि घर मळ्यात, गिरणेच्या काठाला, गावाबाहेर. घरात दोघंच. अक्का गोठ्यात किंवा विहिरीवर गेल्या की नाना खाटेवर एकटे. तहान लागली, कूस वळवायची आहे, श्वास कोंडतोय, काहीही झालं तरी घशातून नुसतं 'हं' निघतं, हाक मारायला आवाज नाही.

"बोट टेकाडं का वाजाले पाहिजे," अक्का म्हणाल्या. "दाबनं नको. मी व्हिडिओ देखा. तांबानी पट्टी, तीन ट्रान्झिस्टर. मी करसू."

मी म्हटलं, मीच करून देतो. अक्कांनी चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्याकडे पाहिलं. अंगणवाडीतल्या मुलांकडे बघतात तसं.

"त्यासले रोज कूस बदलनी पडस. वायर वढाई जास. तुटनी त्ये काय मी दरवेळी बस धरीसन जळगाव येवू? आनि तंवर त्या काय करतीन?"

मी पट्टी समोर ठेवली, पंचवीस वॅटचा आयर्न दिला. अक्कांनी तो सुईसारखा धरला. आयुष्यभर गोधड्या शिवलेला हात, त्याला काय शिकवायचं? जोड असा लागला की मी तो कापून शोकेसमध्ये ठेवला. आलेल्या प्रत्येकाला दाखवतो. अक्का आयर्न घेऊन गेल्या आणि मी धन्य झालो.

आठवड्याभरात फोन आला. घंटी झाली, वाजली, नानांनी दिवसभर वाजवून अक्कांना वेड लावलं. मी शेजारच्या दुकानदाराला चहा पाजला.

मग एका दुपारी अक्का स्वतःच आल्या. घंटीचं सर्किट काउंटरवर ठेवलं आणि स्टुलावर बसल्या. पाणी दिलं ते घेतलं नाही.

"वाजनी नही, भाऊ."

त्या अंगणात कुरडया घालत होत्या. आत नाना बोट टेकवत होते, टेकवत होते. घंटी गप्प. शेवटी त्यांनी काय हिसका दिला देव जाणे, अक्का आत गेल्या तेव्हा ते अर्धे खाटेखाली लोंबत होते. लागलं नव्हतं फारसं. पण बोट तेव्हाही पट्टीवरच होतं.

मी भिंग लावून सर्किट पाहिलं. तुटलेली वायर अक्कांनी घरी पुन्हा जोडली होती. ड्राय सोल्डर. त्या जागचंच नाही, सगळे जोड तसलेच. दिवसभर वाजली तीच नवलाची गोष्ट.

"अक्का, तुम्ही इथे असा जोड लावला नव्हता."

"हात तोच शे, आयरन तोच शे. तठे घरमा तो तापत नही."

मी आयर्न लावला. मिनिटभरात तापला, कथील लोण्यासारखं पघळलं. अक्कांनी चष्मा काढून गळ्यात सोडला. आपल्याला खोटं पाडलं जातंय असं त्यांना वाटलं, ते मला कळलं. मी सगळे जोड स्वतः लावून दिले आणि सोबत साठ वॅटचा मोठा आयर्न दिला. म्हटलं, हा तर दगड तापवेल.

पुढच्या वेळी त्यांनी घंटीच्या सर्किटची जळालेली पट्टी आणली. तांब्याची रेघ कागदासारखी सुटून वर आली होती. "हाऊ त्ये लई तापना," अक्का म्हणाल्या.

लहान आयर्न थंड, मोठा आयर्न ज्वालामुखी, आणि हात तोच. माझी विद्या संपली. शोकेसमधला तो सुंदर जोड माझ्याकडे बघून हसायला लागला. मी दुकानातले होते नव्हते तेवढे आयर्न पिशवीत भरले, ड्रोनवाल्यांसाठी मागवलेला पेनाएवढा बारीक आयर्नसुद्धा घेतला, मीटर घेतला आणि अक्कांबरोबर भडगावची बस धरली.

मळ्यात पोचलो तेव्हा लाइट नव्हती. ओसरीवर खाट, खाटेवर नाना. मोठा आडवा माणूस, डोळे मात्र लिलावातलेच. मी नमस्कार केला तर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत असं पाहिलं, जणू ओल्या मालाचा ढीग आहे आणि भाव किती लावावा असा प्रश्न आहे.

"लाइट उनी का बसू," अक्का म्हणाल्या. "मी नेहमी तसंच करस."

लाइट आली. आणि तिच्याबरोबर चहूकडून घूं असा आवाज उठला. गिरणेच्या काठाने विहिरींवर पाण्याच्या जेवढ्या मोटारी आहेत त्या सगळ्या एकदम सुरू झाल्या. मळ्याला लाइट पाळीने मिळते, आणि पाळी आली की कोणी मोटार बंद ठेवत नाही. मी मीटर लावला. दुकानात दोनशे तीस व्होल्ट दाखवणारा काटा इथे दीडशेच्या आसपास लोळत होता. घरातला पंखा पाती मोजून घ्या म्हणत होता.

कोडं तिथेच सुटलं. अक्का लाइट आली की आयर्न लावायला बसायच्या, आणि लाइट यायची तीच मोटारींना घेऊन. व्होल्ट उतरतात त्याहून उष्णता जास्त उतरते, म्हणून पंचवीस वॅटचा आयर्न निम्म्याच्याही खाली जायचा. तो हाताला चटका द्यायचा, पण कथलाला नाही. मोठा आयर्न दिला तेव्हा मात्र, विचारल्यावर कळलं, त्या बसल्या शेवटच्या तासाला. विहिरींचं पाणी उतरलेलं, मोटारी बंद पडलेल्या, आणि लाइट एकदम उसळलेली. मी आजवर माणसाचा हात पाहिला. त्याच्या घरची लाइट पाहायची असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"म्हंजे मन्हा हात बरोबर व्हता," अक्का म्हणाल्या.

"तुमचा हात बरोबर होता, अक्का."

त्यांनी खाटेकडे बघून मोठ्याने सांगितलं, "आयकं का? भाऊ म्हनस, मन्हा हात बरोबर व्हता." नानांच्या तोंडाची डावी बाजू किंचित वर गेली. घरात यावर बरीच चर्चा झालेली असावी, जेवढी एकाच बाजूने होऊ शकते तेवढी.

पण निदान झालं म्हणजे औषध झालं असं नाही. मी आता हुकमाचा पत्ता काढला, तो ड्रोनवाल्यांचा बारीक आयर्न. हा बारा व्होल्टवर चालतो आणि आपलं तापमान आपणच धरून ठेवतो, कमी नाही की जास्त नाही. त्याचा अडॅप्टर असा की लाइट कितीही पडो वा चढो, तो बारा व्होल्ट देतोच. मी ऐटीत पिशवीत हात घातला. अडॅप्टर नव्हता. तो जळगावात काउंटरवर आरामात पडला होता.

मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या दिवाळी अंकात छापता येणार नाहीत. "आता बारा व्होल्ट कुठून आणू मी इथे?" असं दोन-तीनदा ओरडलो.

"हं," खाटेवरून आवाज आला.

अक्का पाणी घेऊन गेल्या. नानांनी तोंड फिरवलं. "हं." अक्कांनी उशी सरळ केली. "हं, हं." पंख्याकडे बघितलं, पायावरची चादर काढली, पुन्हा घातली. नानांच्या कपाळावर शिरा उठली. डावं बोट चादरीवर एकाच दिशेने सरकत होतं आणि डोळे त्याच दिशेला खिळलेले. अक्का रडकुंडीला आल्या. "काय पाहिजे, सांगा ना," म्हणाल्या, आणि आपण काय बोललो हे कळून तोंडाला पदर लावला.

मी उगाच त्या बोटाच्या रेषेत बघितलं. समोरच्या भिंतीला खुंटीवर पिकाला औषध फवारायचा पंप लटकत होता. पाठीवर घ्यायचा, हल्लीचा, बॅटरीवरचा.

बॅटरी बारा व्होल्टची असते.

मी म्हटलं, "नाना, पंप?"

नानांनी डोळे मिटले. सगळ्या लिलावात एकच शहाणा व्यापारी निघावा आणि त्यानेही उशिरा बोली लावावी, तसे दमून मिटले.

फवारणीचे दिवस होते, म्हणून मजुराने बॅटरी भरून ठेवलेली होती. पंप खाली घेतला, बुडाचं झाकण उघडलं, आयर्नच्या वायरी लाल-काळं बघून बॅटरीला लावल्या. आयर्नच्या छोट्या पडद्यावर आकडे चढायला लागले. तेवढ्यात लाइट गेली. सगळ्या मोटारी गप्प झाल्या. आकडे चढतच राहिले. गिरणेच्या काठावर त्या घटकेला चालू असलेलं एकमेव यंत्र अक्कांच्या हातात होतं.

मी हात लावला नाही. अक्कांनी चष्मा चढवला, घंटीचे जुने जोड काढले आणि एकेक नव्याने लावले. राळेचा धूर ओसरीवर चढला. प्रत्येक जोड चकचकीत, पसरलेला, काठाला पातळ. मी वायर चिमटीत धरून ओढली. मग जोरात ओढली. ओढून ओढून सर्किट माझ्यासकट उचललं गेलं असतं, पण जोड सुटला नसता.

पट्टी खाटेच्या कडेला बांधली, वायर चुलीपर्यंत नेली, घंटी तिच्या सेलसकट तिथल्या खिळ्याला लावली. अक्का मुद्दाम अंगणात जाऊन उभ्या राहिल्या, पाठ करून. मी दारात.

नानांनी बोट टेकवलं. घंटी वाजली. खणखणीत.

बोट उचललं. पुन्हा टेकवलं. पुन्हा वाजली.

आणि मग काहीच नाही. गेला, म्हटलं, परत एखादा जोड गेला. मी पट्टीकडे धावणार तोच पाहिलं, नानांचं बोट पट्टीच्या वर जरासं अधांतरी होतं, आणि ते आभाळाकडे बघत होते. सावकाश. तंबाखूच्या डबीची तेवढी कमी होती.

अक्का अंगणातून आल्या, त्या काही धावत आल्या नाहीत. पण वाटेत थांबल्याही नाहीत. "उनू, उनू," म्हणाल्या. "तिसरा वार नका करू."

मी परतीच्या बसमध्ये भडगावपासून जळगावपर्यंत झोपलो. इतकी गाढ झोप मला लग्नानंतर प्रथमच लागली. तो बारीक आयर्न अर्थातच तिथेच ठेवून आलो होतो. दुकानाचा नियम मात्र बदलला. जोड आधीसारखाच लावून घेतो, पण त्याआधी विचारतो, घर कुठे, लाइट कधी येते, तुमच्याबरोबर आणखी कोण कोण ती पितं. परवा धुळ्याचे ते पापडवाले गृहस्थ आले होते, त्यांनाही विचारलं. म्हणाले, आमच्याकडे लाइट इतकी जोरात असते की बल्ब दिवसासुद्धा बंद होत नाही.

अक्कांचा फोन अधूनमधून येतो. वायर दोनदा तुटली, त्यांनी दोनदा जोडली, मला नंतर कळलं. परवा शेजारच्या मळ्यातल्या बाईचा रेडिओ त्यांनी दुरुस्त केला त्याचं वर्णन चाललं होतं. कुठला जोड, कसा सापडला, कथील कुठलं वापरलं. मी मध्येच माझ्या मे महिन्याच्या पत्र्याची गोष्ट सुरू केली. रंगात आलो होतो.

फोनमध्ये मागे घंटी वाजली. एकदा. अक्का माझी गोष्ट ऐकत होत्या. थोड्या वेळाने दुसऱ्यांदा.

मग भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. फोन बंद करायचं त्यांना सुचलं नाही, तो कुठेतरी चुलीजवळच राहिला असणार. "उनू, उनू," ऐकू आलं आणि पावलं ओसरीकडे गेली. माझी गोष्ट अर्धी राहिली होती, पण मी फोन कानाला तसाच धरून बसलो. बराच वेळ ऐकलं. तिसरी घंटी झाली नाही.